खोली नंबर अकरा

आमच्या कंपनीत सगळ्यांच्या आधी हसायचं काम माझं होतं. थट्टा नाही, पगार त्याचाच होता. डँडो मालक विनोद टाकायचे आणि लोक क्षणभर घुटमळायचे, हसावं की नाही म्हणून. तेवढ्यात मी स्टेजवरून खळखळून हसायचं. एक मेंढरू कुंपणातून घुसलं की बाकीची घुसतात, तसं अख्खं थिएटर माझ्या मागून यायचं. सात वर्षं हे केलं. पुढे पुढे तर विनोद ऐकायचीही गरज उरली नाही. मालकांचा आवाज वाक्याच्या शेवटी जरा वर चढला की माझ्या घशातून हसू आपसूक सुटायचं. एकदा मालक तापाने फणफणले होते, भ्रमात काहीतरी बरळत होते, आवाज तसाच वर चढला, आणि मी त्यांच्या उशाशी ओलं फडकं घेऊन बसलेली, खळखळून हसले. नर्सने मला खोलीबाहेर काढलं.

आता सांगते ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही नाहीच. पण त्यातली बहुतेक माणसं आता गेली असतील, आणि माझी लाज काही जायला तयार नाही, तेव्हा एकदाचं सांगून टाकते.

मी डल्सी मेरिक. रूफस डँडोच्या कंपनीत नाचायची, गायची आणि हसायची. आम्ही बारा जण. तासाभराचा रेव्ह्यू असायचा आमचा: थोडी कथा, चार-पाच गाणी, सहा पोरींचे पाय एका रेषेत वर, आणि मधोमध लाल नाकाचे मालक. कथा म्हणजे काय, कधी जहाज, कधी कोर्ट, कधी हॉटेल. लिहिलेलं असं काही नव्हतं. मालक एका पाकिटाच्या पाठीवर चार ओळी खरडायचे आणि बाकीचं आम्ही तोंडाने भरायचो. एक आठवडा एक रेव्ह्यू, पुढच्या आठवड्यात दुसरा, मग गाडी आणि पुढचं गाव.

आणि प्रत्येक गावात 'नावं' लागायची. परगावची कंपनी आपल्या गावच्या खाटकाचं नाव घेऊन टोमणा मारते म्हटल्यावर लोक नुसते वेडे होतात. ती नावं गोळा करायला मालक मला पाठवायचे, कारण माझ्यापाशी बायका बोलतात. मी कापडाच्या दुकानात रिबीन बघायचे, पोस्टाच्या व्हरांड्यात पत्र लिहिल्यासारखं करायचे, आणि दोन तासांत मला कळायचं की कोण मापात मारतो, कोण मिशीला कलप लावतो, आणि कोण नगरसेवक झाल्यापासून बायकोशीही भाषण केल्यासारखं बोलतो. पण एक नियम होता. ज्याच्याकडे दुकान आहे, पद आहे, निदान सुटलेलं पोट तरी आहे, त्याचंच नाव घ्यायचं. जो खाली पडलाय त्याचं नाव स्टेजवर घ्यायचं नाही. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण आमच्या धंद्यातला सगळ्यात टुकार विनोदी नटही तो पाळायचा.

चौदा सालची मोठी लढाई सुरू झाली त्याच्या आदल्या वर्षी, नोव्हेंबरात, आम्ही चार्टर्स टॉवर्सला पोचलो. दोन आठवड्यांचा मुक्काम. गाव सोन्याच्या खाणींचं, पण सोनं आटत चाललं होतं. लोक गाव सोडून समुद्राकडे निघाले होते, आणि जाताना घरंसुद्धा घेऊन जात होते. लाकडी घरं ती. फळ्यांवर खडूने आकडे घालायचे, सुटी करायची, गाडीवर चढवायची आणि टाउन्सव्हिलला नेऊन पुन्हा उभी करायची. रस्त्यात मध्येच नुसते खांब उभे दिसायचे. गावभर शेळ्या मोकाट. आमची पोस्टरं चिकटवली की त्या खळीसाठी चाटून चाटून खायच्या. पहिल्या दिवशीच मालकांचं लाल नाक एका शेळीच्या पोटात गेलं.

हॉटेलात जागा कमी पडली, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या आणि मी एकटी बाहेर पडले. मला मिसेस नॅन्किव्हेल यांच्या घरी खोली मिळाली. बाई कॉर्निश, विलायतेतल्या खाणींच्या मुलखातल्या, चॅपलला जाणाऱ्या, काटेकोर. नाटकवाल्यांना घरात घेणं त्यांना मनातून पटलेलं नव्हतं, पण नवरा सहा महिने घरी बसून होता, खाणीच्या धुळीने छाती गेली म्हणून. "आवाज करायचा नाही," त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "आणि ते तोंडाला फासता ते इथल्या टॉवेलला पुसायचं नाही." पण हाताला चव होती बाईंच्या. मांस-बटाटा भरलेली पेस्टी अशी करायच्या की अजून आठवली तर तोंडाला पाणी सुटतं.

नवरा, जॅबेझ नॅन्किव्हेल, दाराशी उभा राहिला तर दार भरून जाईल असा आडदांड माणूस. गळ्याला मफलर, हातात रुमाल. कुणी कुंपणापाशी आलं की खोकायचा. शनिवारी संध्याकाळी त्याचे खाणीतले सोबती आळीपाळीने यायचे आणि कुंपणाच्या आत जळणाचा भारा टाकून जायचे. "उठू नकोस जॅबेझ, बस तू," म्हणायचे.

पहिला आठवडा झकास गेला. कोर्टाचा रेव्ह्यू होता. खाटीक ट्रेझाइज, नगरसेवक बलकॉक, दातांचा डॉक्टर, सगळे झाडून घेतले. शनिवारी शेवटच्या नाचात माझ्या डाव्या बुटाची टाच निखळली. लंगडत, हसत कशीबशी वेळ मारून नेली.

रविवारी सकाळी बाई चॅपलला गेल्या होत्या. मी बूट घेऊन मागच्या अंगणात आले तर कुणीतरी गात होतं. नॅन्किव्हेल. बायकोचा एप्रन बांधून, बाह्या वर सारून चादरी पिळत होता आणि भजन म्हणत होता. आवाज असा की पत्रा थरथरावा. एकेक ओळ एका दमात. आमच्या कंपनीत इतका लांब दम कुणाचाच नव्हता, आणि दमाचं मला कळतं. बाकी कशाचं कळत नसलं तरी.

"मिस्टर नॅन्किव्हेल," मी म्हटलं, "ही काही खराब छाती नव्हे."

तो वळला. चादर हातातच. खोकायचा विचार त्याच्या चेहऱ्यावर येऊन गेलेला मला दिसला. मग तो उलट्या बादलीवर बसला आणि म्हणाला, "लोहाराचा भाता आहे माझी छाती, पोरी. तिला काही झालेलं नाही."

मग त्याने सांगितलं. मे महिन्यात खाणीत उतरताना पाळण्याचा दोर सुटला होता. चाळीस फूट पाळणा नुसता दगडासारखा खाली गेला आणि मग अडकला. दोन तास सहा माणसं अंधारात लटकत होती.

"आणि मग?"

"मग काढलं आम्हाला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. म्हणून तर कुणाला सांगता येत नाही." तो एप्रनच्या टोकाने हात पुसत होता. "दुसऱ्या दिवशी बाकीचे पाच खाली गेले. मी पाळण्यात पाय टाकला आणि गुडघे पाण्यासारखे झाले. सगळे बघत होते. काय करू, खोकायला लागलो. कुणीतरी म्हणालं, छाती गेली बिचाऱ्याची. मी काही बोललो नाही. आता ते जळण आणून टाकतात."

"बाईंना माहीत आहे?"

"लव्हडेला माहीत आहे. ती माझ्यासाठी चॅपलमध्ये खोटं बोलते. कधी खोटं न बोललेली बाई." मग त्याने दुसरी गोष्ट सांगितली. खाणीचा कारभार बघणारे कॅप्टन रॉडा त्याला वरच्या गिरणीत, दगड फोडायच्या यंत्रावर घेणार होते. जमिनीवरचं काम. जागा पंधरा दिवसांनी रिकामी होणार होती. "तेवढे पंधरा दिवस निघाले पाहिजेत. मग मी पुन्हा माणसांत येईन. मग बरं झालो म्हणेन, आणि कुणाचं जळण घेणार नाही."

"माझ्या तोंडून जाणार नाही," मी म्हटलं.

त्याने वचन मागितलं नव्हतं, मी आपणहून दिलं. त्याने माझ्या हातातला बूट घेतला, उलटा करून बघितला. "टाच मी बसवून देतो. खिळ्याने नाही, गोंदाने. वेळ लागेल, पण मग निघायची नाही."

मला इतकं भरून आलं की मी त्याला सोमवारचे दोन पास दिले. चॅपलची माणसं, थिएटरची पायरी चढलेली नव्हती कधी. पण कॅप्टन रॉडा येणार आहेत हे बाईंना कळलं होतं. "जाऊ या, जॅबेझ," त्या म्हणाल्या. "मफलर घाल. तू हिंडता-फिरता झालायस हे त्यांना दिसू दे." म्हणजे बघा, पास माझे, बोलावणं माझं.

सोमवारी नवा रेव्ह्यू लागायचा होता, हॉटेलचा. त्यात माझं मोठं काम होतं. मी हॉटेलची कारकून, काउंटरमागे जाडजूड वही घेऊन; मला नाच नव्हता, म्हणून साधे बूट चालणार होते. एकेक खोली नंबर आणि पाहुण्याचं नाव वाचायचं आणि हमाल झालेल्या मालकांनी त्यावर टोला मारायचा. सगळा रेव्ह्यू त्या वहीवर उभा. आणि नावं संपली होती. गावातली मोठी धेंडं पहिल्याच आठवड्यात वापरून झाली होती.

"दहा ताजी नावं हवीत," मालक म्हणाले. "नाहीतर वही क्वीनीकडे देतो. तिची फार दिवस इच्छा आहे." क्वीनी तिथेच उभी होती. एकोणीस वर्षांची, दात मोत्यासारखे. मी तेव्हा एकतीस होते आणि कंपनीला पंचवीस सांगितलेले होते. वही गेली असती तर पुढच्या मोसमात मीही गेले असते.

मी दिवसभर गाव पालथं घातलं आणि कापडाच्या दुकानातल्या पोरीने जी सांगितली ती नावं लिहून घेतली.

संध्याकाळी थिएटर गच्च. वर कापडी छत, बाजू उघड्या, उकाडा मरणाचा. पहिल्या रांगेत कॅप्टन रॉडा. चौथ्या रांगेत माझं जोडपं. तो मफलर घातलेला, त्या उकाड्यात. मला बघून त्याने रुमाल जरासा हलवला.

वही उघडली. खोली नंबर चार, नगरसेवक बलकॉक. "त्यांना खालीच ठेवा," मालक म्हणाले, "एकदा वर चढले की उतरत नाहीत." हसले लोक, पण बेताचे. मागच्या आठवड्याचंच शिळं होतं. खोली नंबर सात, खाटीक ट्रेझाइज. "आत घेताना वजन करा. अंगठ्यासकट." त्याहून कमी हसले. मग नवी नावं आली. खोली नंबर आठ, सोनार पॅस्को. मालकांनी त्याच्या जाड्या मानेवर काहीतरी फेकलं, मी हसले, आणि माझ्या मागून कुणीच आलं नाही. पॅस्को महिन्यापूर्वी घर उचलून टाउन्सव्हिलला निघून गेला होता. नऊ नंबरचा न्हावीही गेलेला. दहा नंबरचा मास्तरही. त्या दुकानातल्या पोरीने मला गेलेल्या माणसांची नावं दिली होती. तिच्या मनातून ती माणसं अजून गेली नसावीत. मी एकेक नाव वाचत होते आणि समोरची माणसं गप्प होत होती, कारण प्रत्येक नावागणिक त्यांना एक रिकामा चौथरा आठवत होता.

एक शेळी बाहेर ओरडली, त्यावर मात्र हशा पिकला.

मालकांच्या कपाळावरून रंग ओघळत होता. ते काउंटरवर वाकले आणि ओठ न हलवता म्हणाले, "अजून एक दे. चांगलं दे, नाहीतर उद्या घरी." पडद्याआड क्वीनी उभी होती. ती माझ्या ओळी पुटपुटत होती, मला दिसत होतं.

आणि मी वाचलं. वहीत कोरं पान होतं.

"खोली नंबर अकरा. मिस्टर जॅबेझ नॅन्किव्हेल."

मालकांना हे नाव ठाऊकच नव्हतं. पण मुरलेला माणूस. त्यांनी नुसता चेंडू परत टाकला. "त्यांना कुठली खोली देऊ?"

"वरच्या मजल्यावरची द्या. खाली जायचं म्हटलं की त्यांचे गुडघे पाण्यासारखे होतात."

थिएटर एकदम स्तब्ध झालं. वेगळंच स्तब्ध. मालकांना ते कळलं, पुढे काय येणार हे नाही कळलं, पण वास लागला. "पण मी ऐकलं की त्यांची छाती गेली म्हणून."

"छाती ठणठणीत आहे हो," मी म्हटलं. "बायकोच्या एप्रनची नाडी तेवढी घट्ट बसते."

आधी मागच्या बाकांवरून एकाचं हसू आलं. मग दहांचं. मग सगळं थिएटर कोसळलं. पाय आपटत होते, टोप्या उडवत होते. सहा महिने ज्यांनी जळण वाहिलं होतं ते डोळे पुसत हसत होते, आणि त्या हसण्यात राग होता, तो मला स्टेजवरूनही ऐकू आला. कॅप्टन रॉडांनी खुर्चीत मागे वळून चौथ्या रांगेकडे बघितलं. ते हसत नव्हते.

मला बरं वाटलं. हे लपवण्यात अर्थ नाही. सात वर्षं मी दुसऱ्याच्या विनोदाला हसत आले होते, आणि हे हसू माझं होतं. अर्धं मिनिट तरी मी त्यात न्हाऊन निघाले. मग कुणीतरी ओरडलं, "ऊठ की नॅन्किव्हेल, नाडी दाखव." आणि तो उठला. लोकांना वाटलं गमतीत सामील होतोय, त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याने मफलर काढला, नीट घडी केली, खिशात ठेवला. बायकोचा हात धरला आणि रांगेतून वाट काढत दोघं बाहेर गेली. जाताना प्रत्येकाच्या पायांपाशी तो "माफ करा" म्हणत होता.

खेळ संपल्यावर मालक माझ्या रंगाच्या खोलीत आले, लाल नाक हातात. "हा अकरा नंबर कोण? बडा माणूस आहे ना? मधेच उठून गेला तो." ते गंभीर होते. नियमाचं विचारत होते. तिथे मी खरं बोलले असते तर त्यांनी मला दोन शिव्या घालून ती ओळ काढून टाकली असती. मालक तसे होते.

"मोठा मस्करीखोर माणूस आहे," मी म्हटलं. "त्यालाच हवं होतं. उठून गेला तोही गमतीचाच भाग."

"मग आठवडाभर ठेवू," मालक खूश होऊन म्हणाले. "आणि फळ्यावर तुझं नाव माझ्या खाली, मोठ्या अक्षरात."

स्टेजवरच्या त्या क्षणाला मी अजून कधीकधी माफ करते. माणूस बुडताना हाताला येईल ते धरतो. पण खोलीत मला कुणी बुडवत नव्हतं. तिथे मी आरामात बसून, तोंडाचा रंग पुसत, खोटं बोलले.

मंगळवारी मालकांनी स्वतःच एप्रन बांधला. बुधवारी त्यावर गाणं आलं. रोज रात्री मी खोली नंबर अकरा वाचत होते आणि रोज छत उडत होतं. आणि रोज सकाळी मी त्याच घरात नाश्त्याला बसत होते, कारण दुसरीकडे जायला जागा नव्हती, आणि असती तरी जायचं तोंड नव्हतं. नॅन्किव्हेल माझ्यापुढे लापशी ठेवायचा, वर सिरप. कमी-जास्त काही नाही, पहिल्या आठवड्यात जितकं तितकंच.

बुधवारी कॅप्टनचा माणूस निरोप घेऊन आला की गिरणीतली जागा दुसऱ्याला दिली. शुक्रवारी सकाळी कुंपणाच्या फाटकाला कुणीतरी नवा कोरा एप्रन टांगलेला होता. दुपारपर्यंत तीन झाले. बाईंनी ते उतरवले, धुतले, इस्त्री करून कपाटात ठेवले. "कापड चांगलं आहे," म्हणाल्या. त्याच दुपारी घर उचलणारा माणूस आला आणि बाहेरच्या फळ्यांवर खडूने आकडे घालू लागला. माझ्या खिडकीखालच्या फळीवर सत्तेचाळीस.

मी मागच्या अंगणात गेले. तो माझाच स्टेजचा झगा दोरीवर घालत होता.

"मिस्टर नॅन्किव्हेल," मी म्हटलं.

"याच्या झालरी वाळायला वेळ लागेल," तो म्हणाला. "उन्हाकडे तोंड करून घालतो."

"मला तुम्हाला सांगायचं होतं की..."

"टाच झालीय. पण गोंद अजून सुकायचाय. रविवारपर्यंत थांब, घाई केलीस तर निघेल."

मी तिथे उभी राहिले. झग्याची एक झालर उगाच सरळ केली. मी आत आले तर स्वयंपाकघरात बाई पिठात हात घालून उभ्या होत्या. माझ्याकडे न बघता बोलल्या. "त्याने चॅपलच्या पाद्र्याला सांगितलं नाही. स्वतःच्या सख्ख्या भावाला सांगितलं नाही. तुला का सांगितलं ठाऊक आहे? तू जाणार होतीस म्हणून. त्याला वाटलं, तुझ्याबरोबर ते गावाबाहेर जाईल."

मला रडू आलं. त्यांनी ते बघितलं आणि पीठ मळत राहिल्या.

तुम्ही म्हणाल, मग शनिवारी तरी ओळ गाळलीस का? नाही. शनिवारी तर लोक नाव येण्याआधीच ओरडत होते, अकरा, अकरा म्हणून. मी वाचलं.

रविवारी सकाळी गाडी होती. नॅन्किव्हेल दांपत्यही त्याच गाडीने निघालं होतं, ते मालडब्याच्या टोकाला दोन ट्रंका आणि कपडे पिळायचं यंत्र घेऊन उभे. घर मागून यायचं होतं. आमची कंपनी दुसऱ्या टोकाला, हॅटा, पेट्या, क्वीनीचा पोपट. निरोप द्यायला गावची पन्नासेक माणसं जमलेली. आणि मला दिसलं की तो प्लॅटफॉर्मभर चालत आमच्याकडे येतोय, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं. लोक बाजूला होत होते, एकमेकांना कोपर मारत होते.

मी ठरवलं. खरंच ठरवलं. सगळ्यांसमोर त्याची माफी मागायची, मालकांसमोर, गावासमोर. मी खोटं बोलले म्हणून सांगायचं. पुढे व्हायला मी एक पाऊल टाकलंसुद्धा.

पण मालकांनी त्याला आधी बघितलं. त्यांना वाटत होतं, आपला मित्र येतोय, मोठा मस्करीखोर, जाताना हात मिळवायला. त्यांनी हात पसरले. "या या, अकरा नंबर. नाडी नीट बांधलीत ना? गाडीत वारा फार असतो."

शेवटाला आवाज जरा वर चढला.

आणि मी हसले. खळखळून, स्टेजवर हसते तसं, मागच्या बाकांपर्यंत पोचेल असं. मी ठरवण्याआधी, मला कळण्याआधी ते सुटलं होतं. आणि माझ्या मागून सगळा प्लॅटफॉर्म हसला. हमाल हसले, पोरी हसल्या, इंजिनवाला वाकून बघत हसला.

तो माझ्यापासून हातभर अंतरावर थांबला होता. माझ्या तोंडाकडे बघत होता. आमचे नट हसू ओसरायची वाट बघतात, घाई करत नाहीत, तसाच तो थांबला. मग पुडकं माझ्या हातात दिलं.

"आतून लोकरीचं फेल्ट लावलंय," तो म्हणाला. "टोचणार नाही." टोपीला हात लावला आणि बायकोकडे चालत गेला.

"तू म्हणालीस तसाच निघाला," मालक म्हणाले. "फार मोकळा माणूस." मी हो म्हटलं.

टाउन्सव्हिलला तो कुठल्या बाजूने उतरला ते मी बघितलं नाही. मुद्दामच बघितलं नाही. सोमवारी तिथे कोर्टाचा रेव्ह्यू होता. माझ्याकडे नाचायचे दुसरे बूट नव्हते, म्हणून मी तेच घातले, आणि त्यानंतर तीन मोसम घालत राहिले. वरचं कातडं फाटलं, तळवे दोनदा बदलले, पण त्याने बसवलेली टाच शेवटपर्यंत निघाली नाही.